तेंडुलकर, प्रिया
(१९ ऑक्टोबर १९५४ – १९ सप्टेंबर २००२). मराठी व हिंदी चित्रपट-दूरचित्रवाणी अभिनेत्री आणि मराठी लेखिका. नाटककार विजय तेंडुलकर यांची कन्या. श्याम बेनेगल यांच्या अंकुर (१९७४) ह्या चित्रपटात त्यांनी जमीनदारपुत्राच्या पत्नीची भूमिका केली. तथापि त्यांना देशव्यापी कीर्ती लाभली, ती बासू चतर्जी दिग्दर्शित रजनी (१९८५) ह्या दूरदर्शन-मालिकेमुळे. नित्याच्या गैरसोयींबद्दल जाब विचारणारी गृहिणी त्यांनी आक्रस्ताळेपणा टाळून, ठाम व सहज संवादोक्तीने उभी केली. टॅक्सीचालकांनी मालिकेविरुद्ध निदर्शने केली, यावरून तिचा प्रभाव लक्षात येतो. मात्र व्यवस्थेतील दोष एका व्यक्तीच्या धैर्याने एकाच भागात दूर होतो, ही तिची मांडणी भाबडी होती. शिवाय ह्या प्रतिमेने अभिनेत्रीलाही दीर्घकाळ जखडून ठेवले. हम पाँच (१९९५) ह्या विनोदी मालिकेत तसबिरीतून बोलणारी दिवंगत पत्नी रंगविताना हालचालींना वावच नव्हता. तेथे केवळ मुद्रा व स्वर यांच्या बळावर त्यांनी विनोद पेलला. त्यांच्या अभिनयाचे खरे सामर्थ्य रजनीच्या लढाऊपणात नव्हे, तर ह्या बोलण्याच्या नैसर्गिक शैलीत होते. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.