हात शिवशिवतात का?

अलिबागजवळच्या सासवणे गावात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, विनायक करमरकर नावाच्या मुलानं राममंदिराच्या भिंतीवर शिवाजी महाराज रंगवले. ते चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडलं आणि मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोचला. १९२८ साली पुण्यात शिवरायांचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा उभा राहिला, तो याच करमरकरांच्या हातचा. ही गोष्ट आपण साहेबाच्या गुणग्राहकतेची म्हणून सांगतो. मला त्यातली भिंत मोठी वाटते. ती गावाची होती आणि पोराच्या हाताला लागत होती.

मुंबईतल्या भिंतींना गेल्या दहा-बारा वर्षांत बरे दिवस आले आहेत. रणजित दहिया यांनी २०१२च्या सुमारास वांद्र्यात हिंदी सिनेमाचे चेहरे रंगवायला घेतले. २०१४ मध्ये रस्त्यावरच्या कलेसाठी काम करणाऱ्या ‘स्टार्ट इंडिया’ संस्थेच्या महोत्सवात त्यांनी रेक्लमेशनजवळच्या टेलिफोनच्या इमारतीवर दादासाहेब फाळके उभे केले. चर्चगेट स्थानकावर ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्रा यांचे रंगीबेरंगी गांधीजी आले. २०१७ मध्ये तर ससून डॉकच्या आवारातच प्रदर्शन भरलं, मासळीच्या वासासकट. कोळ्यांचे भले मोठे फोटो त्यांच्याच धक्क्यावर झळकले. आर्ट गॅलरीची पायरी चढायला बिचकणारा माणूस इथे पिशवी हातात घेऊन बिनधास्त फिरू शकत होता. ही कमाई लहान नाही.

तरी एक गोष्ट खटकते. या चित्रांपुढे मोबाइल चटकन वर जातो, पण घरी जाऊन आपणही काहीतरी करून बघावं असं फारसं वाटत नाही. कारण ती आपल्याला भेटतात ती पुरी झाल्यावर. क्रेन येते, आठवडाभरात भिंत भरते, क्रेन निघून जाते. कच्ची रेघ, पुसलेली रेघ, चुकलेला रंग यांतलं काहीच बघणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. नुसती भव्यता माणसाला गप्प करते.

याहून वाईट अवस्था उड्डाणपुलांच्या खांबांची. तिथे वारलीतली माणसं एकाच छापातून काढावीत तशी ओळीनं नाचत असतात. मुळात लग्नाचा चौक लिहिणाऱ्या वारली बायका तांदळाच्या पिठानं, बांबूच्या काडीनं आपापल्या हाताच्या वळणानं लिहीत. जिव्या सोमा मशे यांनी तीच भाषा कागदावर नेली आणि तिच्यात आपल्या मनातलं जग मांडलं. खांबावर भाषा उरली आहे, बोलणारं कुणी नाही.

याउलट श्रावणात गणपतीच्या कारखान्याच्या दाराशी उभं राहून बघा. फळीवर पांढऱ्या मूर्तींची रांग असते. शाडूचा ओला वास, जमिनीवर रंगाचे डबे. दारात चार-सहा पोरं दप्तरासकट खिळलेली. आखणी करणारा कारागीर बारीक ब्रश ओठांत धरून टोक करतो, श्वास रोखतो आणि डोळ्याची वरची रेघ एका दमात ओढतो. त्याच क्षणी मूर्ती बघू लागते. पोरांच्या तोंडून नकळत ‘अरे!’ निघतं. संध्याकाळी यांतलंच एखादं पोर वहीच्या शेवटच्या पानावर डोळे काढत बसतं. पहिला तिरळा, दुसरा रागीट, दहावा बरा. रेघ कशी येते हे त्यानं पाहिलेलं असतं, म्हणून ती आपल्यालाही येईल असं त्याला वाटतं. सार्वजनिक कलेचं खरं देणं मला या वाटण्यात दिसतं.

खुद्द दहियांची गोष्टही वेगळी नाही. हरियाणातल्या आपल्या गावात ते भिंतींना रंग मारायचं काम करत. शाळेच्या भिंतीवर सरस्वती काढायची संधी मिळाली आणि तिथून ते कलाशाळेकडे वळले. मुंबईतली ‘स्टार्ट’ची चळवळ उभी करणाऱ्यांपैकी हनिफ कुरेशी यांनी आधी रस्त्यावरच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांची अक्षरं जपायचं काम हाती घेतलं होतं. म्हणजे आजच्या उंच भिंतींमागची माणसंही कधीकाळी हाताला लागणाऱ्या भिंतींपाशीच घडली. दुकानाच्या पाटीवर खडूनं आखलेल्या दोन रेघांत ‘श्री’ बसवणारा पेंटर हा कित्येकांचा पहिला गुरू. फ्लेक्स आला आणि ती फुकटची शाळा बंद पडत गेली.

म्हणून महोत्सव भरवणाऱ्यांकडे मागणं मोठं नाही. चित्र रंगत असताना लोकांना जवळ येऊ द्या. कच्चा आराखडा शेजारी टांगा. आणि चित्राच्या खालची तीन फूट भिंत कोरी सोडा. ती घाण होईल, तिच्यावर बदामही निघतील, निघू देत.

सासवण्याला करमरकरांच्या घरी त्यांची शिल्पं बघायला मिळतात. ब्राँझ, संगमरवर हाताळलेल्या या माणसानं साध्या सिमेंटातही किती काम केलं! त्यांची म्हैस बघताना आधी कौतुक वाटतं आणि मागोमाग मनात येतं, सिमेंट तर आपल्याकडेही पडलंय. या दुसऱ्या विचारासाठी भिंती रंगवायच्या.