पहिली नोकरी आणि ‘बनगरवाडी’

मराठीत आत्मपर गद्याला तोटा नाही. बालपण, आईवडील, शिक्षणासाठी सोसलेले हाल आणि पुढे मिळालेला मान यांवर आपल्या लेखकांनी पानेच्या पाने खर्ची घातली आहेत. त्यांत पहिल्या नोकरीचे प्रकरण मात्र बहुधा पडके निघते. ज्या आडगावी ती नोकरी केली ते गाव ‘निसर्गरम्य’ असते, तेथील लोक ‘भोळे’ असतात, आणि संध्याकाळी ज्याच्या संगतीने ओढ्यापर्यंत फिरावयास जावे तो मित्र ‘दिलदार’ असतो. ही तीन विशेषणे खर्चून झाली की लेखक बदलीचा हुकूम हाती घेऊन मोठ्या शहराच्या गाडीत बसतो. त्या मित्राचे पोट कशावर चाले, तो काय बोले, आणि कोणत्या गोष्टीवर त्याचे लेखकाशी पटत नसे, याचा वाचकास पत्ता लागत नाही. मित्राला केवळ श्रोत्याच्या जागी बसविलेले असते. आठवण गोड असल्याने तिची झडती घेण्याचे कुणाच्या मनात येत नाही, इतकेच.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) या संदर्भात आम्हांस फार मोलाची वाटते. ती कादंबरी आहे, आत्मचरित्र नव्हे, हा आक्षेप कोणी घेईल. परंतु तिचे निवेदन प्रथमपुरुषी आहे, आणि पहिल्याच नेमणुकीवर औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीत आलेला एक तरुण मास्तर ते करीत आहे. तिला प्रादेशिक कादंबऱ्यांच्या खणात ठेवून देण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. माणदेश तीत आहे, मेंढरे आहेत, दुष्काळ आहे, हे खरेच. पण ती जितकी माणदेशाची तितकीच नोकरीची कादंबरी आहे. मास्तराचे सरकारी काम थोडके. मुले गोळा करावी आणि शिकवावी. त्याबाहेर वाडी त्याच्या गळ्यात जी कामे घालते, कुणाचे पत्र, कुणाचे गाऱ्हाणे, बाजारगावाहून आणावयाची कुणाची वस्तू, त्यांतून तो वाडीचा मास्तर होतो. शाळा तपासावयास येणाऱ्या साहेबाला हे काम दिसत नाही. पुढे आठवते ते मात्र हेच.

हे आम्हांस जसे उमगले तसे ते ग्रंथालयात बसून उमगले नसते, म्हणून वांकिडीचा उल्लेख करणे भाग आहे. आसिफाबादहून राजुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. निजामी राजवटीत येथील कचेरीची भाषा उर्दू होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा व किनवट हे तालुके मुंबई राज्यात गेले. वांकिडी आंध्र प्रदेशात राहिली आणि कचेरीत तेलुगू आली. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाले, २०१६ मध्ये कुमरम भीम आसिफाबाद हा नवा जिल्हा झाला, आणि वांकिडी त्यात मोडू लागली. गाव जागचे हलले नाही; पाट्या तेवढ्या बदलत गेल्या. या सर्व काळात कितीएक घरांत मराठी बोलली जात होती. सरकारी मराठी शाळाही या भागात चालत आल्या आहेत. परंतु ज्यांना पुढे शिकावयाचे त्यांतले बरेच तेलुगू शाळेत जात. सबब दिवसाचा व्यवहार तेलुगूत आणि दिवेलागणीनंतरचे बोलणे मराठीत, अशी वाटणी आपोआप झाली होती. संध्याकाळची भाषा असे आम्ही तिला मनाशी म्हणत असू.

१९९२ साली आम्ही तेथे शिक्षक म्हणून रुजू झालो. ज्यांच्या दुकानात आमच्या संध्याकाळी गेल्या ते गृहस्थ शिंपी होते, आमच्याहून सातआठ वर्षांनी मोठे. आम्ही त्यांना भाऊ म्हणत असू, ते आम्हांस गुरुजी म्हणत. घरी मराठी, शाळा तेलुगू. त्यामुळे देवनागरी अक्षरे ते लावीत, पण सलग पान वाचणे त्यांना जमत नसे. ‘बनगरवाडी’ आम्ही वाचावी आणि त्यांनी ऐकावी, असे ठरले. पायमशीन चालू असताना वाचन अशक्य. म्हणून ज्या संध्याकाळी काजे करावयाची आणि बटणे लावावयाची, हातशिलाईचे निमूट काम असावयाचे, त्याच संध्याकाळी पुस्तक उघडे. लग्नसराईत दीड महिना पुस्तक फळीवर पडून राहिले. इतक्या संथपणे आम्ही दुसरे कोणतेही पुस्तक वाचलेले नाही, आणि इतके नीटही नाही.

भाऊंची समीक्षा शिंप्याची होती. अंजीसाठी मास्तर चोळी शिवून आणतो आणि कारभाऱ्याच्या मनात किल्मिष येते, हा प्रसंग घ्या. कोवळ्या मास्तराचा निरागसपणा विरुद्ध वाडीची संशयी नीती, अशी त्याची फोड सहज करता येते. आम्हीही ती वर्गात शिकविल्याच्या थाटात केली. भाऊ म्हणाले, “गुरुजी, चोळी शिवाची म्हणजे मापाले जुनी चोळी न्या लागते. ते कोनं देल्ली, कोनं नेल्ली, गावाले समदं दिसते. कारभाऱ्याचा राग खोटा नाही.” आमच्या फोडीत कारभारी हा जुन्या नीतीचा एक नमुना झाला होता. भाऊंच्या बोलण्याने तो पुन्हा माणूस झाला: ज्याच्यावर वाडीची अब्रू सांभाळण्याचे काम आहे आणि म्हणून ज्याला मापाची चोळी कोणत्या हातून कोणत्या हातात गेली हे पाहावेच लागते असा माणूस. माडगूळकर या रागाचे समर्थनही करीत नाहीत आणि त्याची थट्टाही करीत नाहीत. लेखकाचा हा संयम पुष्कळदा वाखाणला गेला आहे. तो कशासाठी आहे हे आम्हांस त्या दुकानात कळले.

आयबूविषयीही तसेच. मास्तराच्या सोबतीला येणारा हा माणूस वाचकास निष्ठावंत सेवकासारखा वाटण्याचा संभव आहे. भाऊंना तो तसा वाटला नाही. “मास्तराले जसा कोनी पाह्यजे, तसा आयबूले बी पाह्यजे,” एवढेच ते बोलले. आरंभी सांगितलेल्या ‘दिलदार’ मित्राहून आयबू निराळा पडतो तो येथे. तो मास्तराची कहाणी ऐकून घेण्यासाठी कादंबरीत आलेला नाही. त्याची स्वतःची गरज त्याच्याबरोबर आली आहे.

तालमीच्या प्रसंगावर आमचे एकमत झाले नाही, आणि आजही झाले नसते. मास्तराच्या पुढाकाराने वाडी श्रमाने तालीम बांधते आणि राजेसाहेब तेथे येतात, हा भाग आम्हांस कादंबरीतला सर्वांत दुबळा वाटतो. ध्येयवादी शिक्षकाच्या ठरावीक कथानकाच्या अगदी उंबऱ्याशी लेखक येथे जाऊन उभा राहतो. पाठोपाठ येणारा दुष्काळ त्याला तेथून परत फिरवितो. भाऊंना मात्र हाच भाग सर्वांहून आवडला. ज्यात प्रत्येकाने आपला एक दिवस घातला आहे अशी इमारत गावात असावी, असे त्यांचे म्हणणे. ते दोनदा वाचून घेतले.

अशा संध्याकाळी मराठी साहित्यात किती थोड्या उतरल्या आहेत! नेमाड्यांच्या ‘बिढार’पासून ‘झूल’पर्यंतच्या चार कादंबऱ्यांत चांगदेव पाटील गावोगावच्या महाविद्यालयांत नोकऱ्या करतो, खोल्या बदलतो, मित्रांशी रात्र रात्र बोलतो. पण हे मित्र बहुतांशी त्याच्याच पेशातले असल्याने गाव खोलीच्या दाराबाहेर उभे राहते. चांगदेवाचा एकाकीपणा त्यामुळे गडद होतो, हे त्या लेखनाचे सामर्थ्य मान्यच आहे. तरी पहिल्या नोकरीचे गाव त्यांतून पुरते दिसत नाही. उलट सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत असता आमच्याच आदिलाबाद जिल्ह्यात आले आणि गोंडी भाषा शिकले. भाषा अशी शिकावयाची म्हणजे माणसांजवळ बसावेच लागते. त्यांचा गोंडांवरील ग्रंथ १९४९ मध्ये निघाला तो इंग्रजीत. त्या बैठकींचे सविस्तर मराठी पुस्तक त्याच वेळी निघते तर आमच्या भागातल्या मास्तरांना ते मार्गदर्शक झाले असते, अशी हळहळ वाटल्यावाचून राहत नाही. सीमेवरच्या गावांत मराठीचा वाचक पुष्कळदा ऐकणारा असतो. त्याचे मत छापले जात नाही, वाङ्मयाच्या इतिहासात त्याची नोंद होत नाही. आणि जो मास्तर त्याला वाचून दाखवितो तो पुढे आठवणी लिहू लागला की त्याला ‘दिलदार’ म्हणून मोकळा होतो.

‘बनगरवाडी’च्या शेवटाविषयी समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे. दुष्काळाने वाडी उठते आणि मास्तराची शाळा मुलांवाचून राहते. ही पाने आम्ही वाचली तेव्हा हिवाळा लागला होता. भाऊंनी हातातली सुई थांबविली नाही. काही वेळाने म्हणाले, “वाडी उठली गुरुजी, पन शिवाले टाकलेले कपडे कोन नेईन?” त्यांच्या फळीवर चांद्याकडे कामाला निघून गेलेल्या घरांची दोनतीन गाठोडी होती, शिवून, घडी करून, वर खडूने नाव घालून ठेवलेली.