अवधान-दोष आणि जस्त-लोहाच्या गोळ्या : पुराव्याची चिकित्सा

मुलाचे अभ्यासात लक्ष लागत नाही, वर्गात ते एका जागी बसत नाही, अशी तक्रार करणाऱ्या पालकांना अवधान-न्यूनता व अतिचंचलता (एडीएचडी) या विकारावरील उपाय म्हणून जस्त, लोह वा मॅग्नेशियमच्या गोळ्या सुचविल्या जातात. 'संशोधनाने सिद्ध' असा दाखलाही सोबत असतो. हे संशोधन मुळातून वाचले असता चित्र वेगळे दिसते.

जस्ताच्या बाजूने विशेष आधार घेतला जातो तो बिलिची व सहकाऱ्यांच्या २००४ मधील तुर्कस्तानातील चाचणीचा. ४०० मुले, १२ आठवडे. एका गटाला रोज १५० मि.ग्रॅ. झिंक सल्फेट, दुसऱ्याला निष्क्रिय गोळी. जस्त घेणाऱ्यांची अतिचंचलता व उतावळेपणा कमी झाला. परंतु लक्ष न लागण्याच्या लक्षणांत फरक पडला नाही, हे त्याच निबंधात नमूद आहे! ज्या तक्रारीसाठी पालक गोळी घेतात, नेमकी तीच जागची हलली नाही. शिवाय चाचणी अर्ध्यावर सोडणाऱ्यांची संख्याही मोठी होती.

त्याच वर्षी तेहरानमध्ये अखोंदजादे यांनी ४४ मुलांवर केलेल्या चाचणीत जस्ताचा लाभ दिसला. पण तेथे दोन्ही गटांना मिथाइलफेनिडेट हे नेहमीचे औषध चालूच होते. औषधाला पर्याय म्हणून या चाचणीचा हवाला देणे ही सरळ दिशाभूल होय. पुढे २०११ मध्ये अमेरिकेत आर्नल्ड यांनी ५२ मुलांना आधी आठ आठवडे केवळ जस्त देऊन पाहिले, तेव्हा निष्क्रिय गोळीहून सरस असे काही आढळले नाही.

हा फरक का पडावा? तुर्कस्तानात ज्यांच्या रक्तात जस्त कमी होते त्यांना लाभ अधिक झाला, हे येथे महत्त्वाचे आहे. (माणसातील जस्ताच्या कमतरतेचे पहिले वर्णनही इराणमधलेच. भारतात जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद यांनी १९६१ मध्ये शिराझ येथील खुरटलेल्या, मुख्यतः रोटीवर जगणाऱ्या तरुणांबाबत ते केले.) म्हणजे गोळी भरून काढते ती कमतरता. कमतरताच नसेल तर ती करणार काय?

लोहाबाबतही हेच म्हणावे लागते. कोनोफाल यांच्या २००८ मधील फ्रान्समधील चाचणीत मुळातच फेरिटिन ३० पेक्षा कमी असलेली मुले घेतली होती, तीही अवघी २३. एका मोजपट्टीवर सुधारणा दिसली. पालक व शिक्षकांनी भरलेल्या दुसऱ्या पट्टीवर ती निश्चित ठरली नाही. मॅग्नेशियमच्या बाजूने मांडले जाणारे फ्रान्समधील २००६ चे काम तर निष्क्रिय गोळीच्या तुलनेविना झालेले आहे.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. अशा मुलाला लोह अवश्य द्यावे, पण ते रक्तक्षयासाठी, आणि तपासणीनंतर. थॅलेसेमियाचा वाहक असणाऱ्या मुलाचे रक्तही फिकट दिसते. लोहाची कमतरता नसताना केवळ तेवढ्यावरून दिलेल्या लोहाचा त्याला उपयोग नाही. 'अॅनिमिया मुक्त भारत' या २०१८ च्या कार्यक्रमात ५ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी ४५ मि.ग्रॅ. लोहाची साप्ताहिक गोळी ठरलेली आहे. घरी स्वतंत्र टॉनिक सुरू करण्यापूर्वी मुलाला शाळेत ती मिळते का, हे पालकांनी शिक्षकांना विचारावे व डॉक्टरांना सांगावे. जस्ताचे तर आणखी एक आहे : ते दीर्घकाळ अधिक मात्रेत घेतल्यास शरीरात तांबे शोषले जात नाही, आणि तांब्याच्या अभावानेही रक्तक्षयच होतो.