शेवटच्या कडव्यातला वामन

आमच्या आटगाव-खर्डी भागात एप्रिल महिना हा गायन पार्ट्यांचा महिना. जयंतीच्या मांडवात पेटी, ढोलकी आणि दोन-तीन कोरसवाले बसले की मध्यरात्रीपर्यंत गाणी चालतात. अशा कार्यक्रमांत मी गेली काही वर्षे एक साधी नोंद ठेवतो : गाणे कोणाचे, किती कडवी गायली आणि शेवटचे कडवे आले की नाही. पुष्कळदा ते येत नाही. वेळ कमी असतो, फर्माइशीच्या चिठ्ठ्या साचलेल्या असतात. गायक दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यावरच धृपद घेतो आणि गाणे आटोपतो. ऐकणाऱ्याला काही उणे वाटत नाही. पण गाणे वामनदादा कर्डकांचे असेल, तर त्या काटछाटीत नेमका कवीच गळतो. कारण त्यांचे नाव बहुधा शेवटच्या कडव्यात असते.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे झाला. नाशिक जिल्ह्यातल्या हजारो कष्टकऱ्यांप्रमाणे तेही कसारा घाट उतरून मुंबईला आले आणि शिवडीत राहिले. शाळा झालेली नव्हती. कोणी पत्र वाचायला दिले आणि ते वाचता आले नाही, याची लाज वाटून त्यांनी मोठेपणी अक्षरे गिरवली. दुकानांच्या पाट्या वाचत वाचन पक्के केले. 1943 साली एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर त्यांनी पहिले गाणे रचले. ‘वाटचाल’ हा पहिला संग्रह आला तो 1973 साली.

या दोन सालांमधले अंतर तीस वर्षांचे आहे, आणि माझ्या मते वामनदादांच्या कारकिर्दीचा विचार या अंतरापासून सुरू व्हायला हवा. 1956 चे धर्मांतर, त्याच वर्षी बाबासाहेबांचे निर्वाण, पुढे दादासाहेब गायकवाडांचे भूमिहीनांचे सत्याग्रह हे सगळे या काळात घडले, आणि वामनदादा गावोगाव गात राहिले. मिळेल ती बिदागी घ्यायची, मिळेल त्या घरी मुक्काम करायचा आणि गाणे तिथल्या गायकाच्या वहीत उतरवून पुढचे गाव गाठायचे. तीस वर्षे गाण्यांना पुस्तक नव्हते. ‘हे कोणाचे?’ या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे गाण्याच्या पोटातच ठेवावे लागले. तेच ‘वामन’.

ही युक्ती त्यांची एकट्याची नव्हे. अभंगात तुकोबा-चोखोबांची नाममुद्रा आहे, लावणीत शाहिराची आहे, गझलेच्या मक्त्यात शायराची आहे. तोंडी पसरणाऱ्या रचनेला कर्त्याची खूण अशीच जपावी लागते. वामनदादांच्या रचनेचा बांधा बघितला की ही खूण किती विचाराने बसवली आहे ते कळते. धृपदात एक ठाम विधान, कडव्याकडव्यात रोजच्या जगण्यातला एकेक दाखला, आणि शेवटी कवी स्वतः साक्षीला उभा. शेवटचे कडवे गेले की दाखले उरतात, साक्षीदार निघून जातो. गाणे सगळ्यांचे होते, म्हणजेच कोणाचेच राहत नाही.

वामनदादांवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला उसन्या चालींचा. चाल ओळखीची असली की अनोळखी गावातल्या पार्टीला तालमीची गरज पडत नाही. पेटीवाल्याला चालीचे नाव सांगितले की गाणे सुरू. अमेरिकेतल्या वुडी गथ्रीने हेच केले. 1940 साली लिहिलेल्या ‘दिस लँड इज युवर लँड’साठी त्याने कार्टर फॅमिलीच्या एका भक्तिगीताची चाल घेतली, म्हणून कोणी त्याला कमी लेखत नाही. त्याच वर्षी अॅलन लोमॅक्सने वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी गथ्रीची गाणी आणि आठवणी त्याच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवल्या. वामनदादांच्या उमेदीच्या वर्षांतल्या गाण्यांना आसरा मिळाला तो गायकांच्या वह्यांचा.

दुसरा आक्षेप मात्र मला अंशतः मान्य आहे. प्रसंगापुरती रचलेली काही गाणी प्रसंगाबरोबरच थकतात. कुठे यमकासाठी ओळ ताणली जाते, कुठे विचाराच्या जागी घोषणा येते. पण छापील पानावर सपाट वाटलेली ओळ मांडवात कोरसने उचलली की तिचे वजन बदलते, हे मी अनेकदा अनुभवले आहे. दादांच्या गाण्यांचा निवाडा केवळ संग्रह वाचून करू नये, आणि केवळ मांडवातल्या टाळ्यांवरूनही करू नये. दोन्ही शेजारी ठेवून करावा.

पुढे ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ हे संग्रह आले, ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथन आले. 1993 साली वर्ध्याच्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. 15 मे 2004 रोजी ते गेले. नाव झाले, हे खरे. तरीही आज डीजेच्या भिंतीसमोर त्यांच्या गाण्याचे धृपद तेवढे वाजते, आणि नाचणाऱ्या पोराला ते कोणाचे हे ठाऊक नसते.

शहापूर-मुरबाडकडच्या जुन्या गायकांच्या ट्रंकांमध्ये अजून वह्या आहेत. पाने पिवळी पडली आहेत, कडव्यांचा क्रम एका वहीत एक, दुसरीत दुसरा. पाठभेदांची नोंद व्हायला हवी, आणि ती गायक हयात आहेत तोवर व्हायला हवी. कारण कोणते गाणे कोणत्या चालीवर, हे वहीत क्वचितच लिहिलेले असते. हे काम विद्यापीठाने करावे हे उत्तम. तोवर प्रत्येक गावातल्या एकाने मोबाइलवर पाने टिपली आणि म्हाताऱ्या गायकाकडून चाल गाऊन घेतली, तरी पुष्कळ वाचेल. आणि गायन पार्ट्यांना एक विनंती : वेळ कमी असेल तर मधले कडवे सोडा, शेवटचे गा.