गुणवत्तेची शिडी आणि तिची खालची पायरी

अजंता सुब्रमण्यन यांचे ‘द कास्ट ऑफ मेरिट’ (२०१९) हे मद्रासच्या आय.आय.टी.वरील पुस्तक आमच्या तरुणांनी वाचावयास हवे. पिढ्यान्‌पिढ्यांचे जातीय भांडवल प्रवेशपरीक्षेतून बाहेर पडले की त्यालाच ‘गुणवत्ता’ हे नाव कसे मिळते, हे लेखिका पुराव्यानिशी दाखवते. पुस्तक अमेरिकेपर्यंत जाते. पण जाते ते शिडी चढून गेलेल्यांच्या मागे.

आमचे काय? घरात पहिल्यांदाच शिकलेला आमचा मुलगा संगणकाच्या धंद्यात शिरला तो संशोधनाच्या दाराने नव्हे. चाचण्या घेणे, दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधील चुका काढणे, जुना कोड सांभाळणे असल्या हलक्या मानलेल्या कामांतून तो शिरला. काम करता करता शिकला. घरात शिकवणारे कोण होते? २०२१ साली गिटहब कोपायलट आले, २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी. आता नेमकी हीच कामे यंत्राकडे चालली आहेत. म्हणजे पगार तर जाईलच, पण शिकण्याची जागाही जाईल.

टी.सी.एस.ने २०२५ साली सुमारे १२,००० माणसे कमी करण्याचे जाहीर केले; बहुतेक मधल्या व वरच्या श्रेणीतली. कारण यंत्र नव्हे, कौशल्य जुळत नाही, असे सांगितले गेले. (‘कौशल्य’! काल ‘गुणवत्ता’ होती.) खाजगी कंपनीत राखीव जागा नाहीत. तेव्हा अशा कपातीत आमचे किती गेले, हे कोणाला विचारावयाचे?