हिशेब बरोबर, उत्तर अपुरे

‘सौरऊर्जा अमर्याद आहे’, ‘वारा फुकट मिळतो’, ‘थेंबे थेंबे तळे साचे’. ऊर्जेवरच्या कोणत्याही शालेय निबंधात ही वाक्ये हमखास सापडतात आणि त्यांना गुणही मिळतात. अमर्याद म्हणजे किती, आणि आपली गरज किती, हा प्रश्न मात्र वर्गात क्वचितच विचारला जातो. तो विचारायला शिकवणारे एक पुस्तक २००८ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये निघाले. केंब्रिज विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड मॅके यांचे ‘सस्टेनेबल एनर्जी – विदाउट द हॉट एअर’. शीर्षकातल्या ‘हॉट एअर’चा अर्थ पोकळ गप्पा. लेखकाने हे पुस्तक इंटरनेटवर सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिले. शिक्षकांनी ते अवश्य वाचावे. पण आता मधल्या काळात ब्रिटनमध्ये काय घडले ते शेजारी ठेवून वाचावे. तसे वाचले म्हणजे पुस्तकाचे बळ आणि त्याची उणीव, दोन्ही नीट दिसतात.

पुस्तकाची युक्ती साधी आहे. ऊर्जा पेट्रोलची असो, गॅसची असो की विजेची, सगळी एकाच मापाने मोजायची: माणशी, दररोज किती युनिट? हे युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचेच, एक किलोवॉट-तास. एका बाजूला खर्चाचा ढीग, दुसऱ्या बाजूला ब्रिटनच्या भूमीवर आणि किनाऱ्यालगत मिळू शकणाऱ्या अपारंपरिक ऊर्जेचा ढीग, अशी मांडणी आहे.

वाऱ्याचा हिशेब पाहा. पवनचक्क्यांच्या क्षेत्रात जमिनीच्या दर चौरस मीटरमागे सरासरी २ वॉट मिळतात. ब्रिटनमध्ये माणशी सुमारे ४,००० चौरस मीटर जमीन आहे. सगळा देश पवनचक्क्यांनी व्यापला तर माणशी ८,००० वॉट, म्हणजे दिवसाला सुमारे २०० युनिट. तसे शक्य नाही म्हणून दहावा हिस्सा धरायचा; उरतात २० युनिट. आणि रोज ५० किलोमीटर मोटार चालवणाऱ्या माणसाला एकट्या मोटारीसाठी लागतात ४०! आठवी-नववीच्या मुलाला करता येईल एवढेच हे गणित, पण ‘वारा फुकट आहे’ या वाक्यातली हवा ते काढून घेते.

‘थेंबे थेंबे’चीही तीच गत. मोबाइलचा रिकामा चार्जर दिवसभर बंद ठेवून वाचणारी ऊर्जा तीच मोटार एका सेकंदात खर्च करते. मॅके यांचा राग चार्जर बंद करणाऱ्यांवर नाही. तेवढे करून कर्तव्य संपले असे मानण्यावर आहे. परिमाणाची जाण देणे हे विज्ञानशिक्षणाचे मोठे काम, आणि ते या पुस्तकाइतके चोख करणारे दुसरे सहज सापडणार नाही.

आता उणीव. जमीन, वारा, ऊन यांच्या मर्यादा मॅके काटेकोर मोजतात. किमतीकडे मात्र ते स्थिर वस्तू म्हणून पाहतात. सौरपट्ट्यांची मोठी शेते उभारण्याच्या विचाराला ते कल्पनाविलास म्हणतात, कारण त्या वेळी त्या फार महाग होत्या. पुस्तकाच्या उत्तरार्धात देशापुढे पाच पर्यायी आराखडे ठेवले आहेत. त्यांपैकी केवळ स्वस्ताईच्या निकषावर बेतलेल्या आराखड्यात मुख्य भर अणुऊर्जेवर आहे, वाऱ्याचा वाटा अगदी थोडा.

प्रत्यक्षात काय झाले? समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी २०१५ च्या सरकारी लिलावात दर १,००० युनिटला सुमारे ११४ ते १२० पौंड भाव ठरला. २०१७ मध्ये सर्वांत कमी भाव ५७.५० पौंड झाला, २०१९ मध्ये ३९.६५. हे सर्व भाव २०१२ च्या किमतींत आहेत. त्याच किमतींत हिंकली पॉइंट येथील नव्या अणुवीज केंद्राशी झालेला करार ९२.५० पौंडांचा, आणि ते केंद्र अजून पूर्ण झालेले नाही. सौरपट्ट्यांच्या किमती २०१० नंतरच्या दशकात सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरल्या. म्हणजे ज्या आराखड्याला ‘स्वस्त’ म्हटले, तोच महाग ठरला.

भौतिकशास्त्र बदलले नाही. मग भाव कसा उतरला? पवनचक्क्या आकाराने वाढल्या, उभारणीचा अनुभव वाढला, आणि यामागे धोरण होते. पवनचक्कीला इंधन लागत नाही, जवळजवळ सारा खर्च सुरुवातीलाच होतो आणि तो कर्जातून होतो. त्यामुळे विजेचा भाव व्याजदरावर फार अवलंबून असतो. ब्रिटनने उत्पादकांशी ‘फरकाचे करार’ केले. लिलावात ठरलेल्या भावापेक्षा बाजारभाव कमी असेल तर फरक उत्पादकाला मिळतो. जास्त असेल तर उत्पादकाने तो परत करायचा. मिळकतीची अनिश्चितता गेली, सावकाराची भीती कमी झाली, व्याज उतरले, वीज स्वस्त झाली. हा दुवा पुस्तकात नाही, आणि तो नसेल तर पुढचा इतिहास कळतच नाही. मॅके स्वतः २००९ ते २०१४ या काळात ब्रिटनच्या ऊर्जा खात्याचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार होते, ही गोष्ट म्हणूनच लक्षात घ्यावी लागते. त्यांचे निधन २०१६ मध्ये झाले.

धोरण उलटही फिरते. २०१५ मध्ये नियोजनाचे नियम इतके कडक झाले की इंग्लंडमध्ये जमिनीवर नवी पवनचक्की उभारणे जवळजवळ अशक्य झाले. ही अडवणूक २०२४ मध्ये उठली. २०२३ च्या लिलावात सरकारने कमाल भाव फार कमी ठेवला, तेव्हा समुद्री पवनऊर्जेसाठी एकही बोली आली नाही. वारा तोच होता!

आपल्याकडेही याचे उदाहरण आहे. १९९० च्या दशकात पवनचक्की उभारणाऱ्या उद्योगांना पहिल्याच वर्षी तिची शंभर टक्के घसारा-वजावट करात मिळे. सवलत यंत्र उभारण्याला होती, वीज निर्माण करण्याला नव्हती. निर्माण झालेल्या प्रत्येक युनिटमागे प्रोत्साहन देण्याची केंद्राची योजना २००९ मध्ये आली. ‘किती मेगावॉट उभारले’ आणि ‘किती युनिट मिळाले’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बातम्यांत पहिल्याचेच उत्तर छापले जाते. मुलांना दुसरा विचारायला शिकवावे.

मग मॅके चुकले म्हणायचे का? नाही. ब्रिटनमधले शेवटचे कोळशावरचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले आणि त्या वर्षी तिथली सुमारे निम्मी वीज अपारंपरिक स्रोतांतून आली. पण वीज म्हणजे तेथील एकूण ऊर्जावापराचा जेमतेम पाचवा हिस्सा. घरे अजून बहुतांश गॅसवर तापतात, मोटारी बहुतांश तेलावर धावतात. एक बाजू जिंकून सगळे जिंकल्याचा भास होऊ नये, यासाठी त्यांचे दोन ढीग आजही उपयोगी आहेत. मर्यादा कुठे आहे हे हिशेब सांगतो. तिथपर्यंत पोचायचे की नाही, हे कायदा, व्याज आणि लोकांची संमती ठरवतात. वर्गात दोन्ही शिकवायला हवे.

सुरुवात सोपी आहे. चार माणसांच्या घरात महिन्याला १२० युनिट वीज लागली तर ती माणशी रोज १ युनिट झाली. स्वयंपाकाच्या गॅसच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट ऊर्जा असते. तो ४५ दिवस पुरला तर तेही माणशी रोज १ युनिट. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये सुमारे १० युनिट. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घराचा असा ढीग रचावा. शाळेच्या छताचे क्षेत्रफळही मोजावे. आणि मग शेवटचा प्रश्न घालावा: छतावर पट्ट्या बसवायच्या तर पैसे कोण देणार, किती व्याजाने, आणि उरलेली वीज कोण, कोणत्या भावाने घेणार? या प्रश्नाचे उत्तर मॅके यांच्या पुस्तकात नाही. ते वीज मंडळाच्या कार्यालयात, बँकेत आणि ग्रामसभेत शोधावे लागेल, आणि तोही विज्ञानाचाच तास असेल.