राजीनामा आणि दगड

जॉन अपडाइक (१९३२–२००९) या अमेरिकन लेखकाची ‘ए अँड पी’ ही कथा १९६१ साली ‘द न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. कथानक लहानसेच आहे. एकोणीस वर्षांचा सॅमी एका मोठ्या किराणा दुकानात गल्ला सांभाळतो. पोहण्याच्या पोशाखातील तीन मुली अनवाणी दुकानात येतात. व्यवस्थापक लेंगेल त्यांना सर्वांदेखत समज देतो. त्या मुलींच्या कानी जावे म्हणून सॅमी तत्काळ नोकरी सोडल्याचे जाहीर करतो. पण त्या थांबत नाहीत. एप्रन उतरवून तो बाहेर येतो, तेव्हा तेथे त्याची वाट पाहणारे कोणीही नसते.

हे शौर्य की पोरकटपणा? कथा यांपैकी एकही उत्तर सरळ देत नाही, आणि तेच तिचे बळ आहे. लेंगेल रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतो. त्याचा नियम समजण्यासारखा आहे. परंतु चारचौघांत मुलींना खाली पाहायला लावणे ही शिस्त नव्हे. मात्र हाच लेंगेल सॅमीला आईवडिलांची आठवण देऊन सावरू पाहतो, तेव्हा तो केवळ खलपुरुष उरत नाही.

सॅमीचा संताप खरा आहे, त्यामागचा हेतू मात्र निर्मळ नाही. ज्यांच्या अपमानाने तो पेटतो, त्यांच्याच देहाचे मोजमाप तो पानेच्या पाने करीत असतो. रांगेतील गिऱ्हाइकांना तो मनातल्या मनात मेंढरे म्हणतो. निवेदन त्याच्याच तोंडी देऊन लेखकाने त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावले आहे. एकदा केलेला आविर्भाव शेवटास न्यायलाच हवा, एवढ्याच हट्टाने तो माघार घेत नाही.

या कथेशेजारी नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) हा चित्रपट ठेवून पाहावा. कैकाडी समाजातील जब्या शाळेतल्या शालूवर मोहित आहे. गावातील डुकरे पकडण्याचे काम त्याच्या कुटुंबावर येते, तेव्हा ती पाहील या धास्तीने तो लपतो. सॅमीला कोणीतरी पाहावे असे वाटते; जब्याला कोणी पाहू नये असे वाटते. सॅमी एप्रन घडी करून ठेवू शकतो. जब्याचे काम जातीने नेमून दिलेले; त्याचा राजीनामा कोणाकडे द्यायचा? म्हणून त्याच्या हाती शेवटी दगड येतो, आणि तो थेट प्रेक्षकांच्या दिशेने भिरकावला जातो. सॅमीची कथा वाचून आपण स्मित करतो. जब्यापुढे ते स्मित टिकत नाही.

जुन्नर-आंबेगावातील पालकांनी या दोन्ही कलाकृती मुलांसमवेत अनुभवाव्यात. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेट भरणारा, मंचरच्या दुकानात तराजू धरणारा किंवा चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर गेलेला मुलगा एके दिवशी काम टाकून घरी येतो. “आता खाणार काय?” हा आपला पहिला प्रश्न असतो. तो रास्त आहे. पण त्याआधी आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत. “कोणाला दाखवण्यासाठी सोडलेस?” हा सॅमीचा प्रश्न. “तिथे तुला कोणी काय म्हटले?” हा जब्याचा. पहिल्याच्या उत्तरात मुलाची चूक सापडेल. दुसऱ्याच्या उत्तरात कदाचित आपली.